भारमान

डेपोच्या खिडकीत नवा तक्ता लागलाय.
कडबळ–अक्कलकोट–सोलापूर, सकाळी सहा चाळीस,
भारमान एकवीस टक्के.
खाली साहेबांच्या पेनची निळी रेघ:
‘फेरी बंद का करू नये, वाहकाने लेखी द्यावे.’

वाहक म्हणजे मी.
माहेर बार्शीचं. इथं आले तेव्हा
कानडीचा एक शब्द येत नव्हता.
‘हत्री, मुंद होग्री’ पहिल्या आठवड्यात शिकले,
‘चिल्लर कोड्री’ दुसऱ्या.
भांडायला मात्र अजून मराठीच लागते.

आता फॉर्म मांडीवर, पेन हातात,
आणि आठवतात ती
यंत्रातून कागद न काढता चढणारी माणसं.

मल्लव्वा. मंगळवार, शुक्रवार. डायलिसिस.
पायरी तिला उंच पडते,
म्हणून बिराजदार गाडी पारापाशी नाही,
उकिरड्याजवळच्या चढाला नेऊन लावतो,
तिथं जमीनच वर येते पायरीला.
हे कुठल्या वेळापत्रकात नाही.
जाताना ती सुनेच्या कागाळ्या सांगते,
येताना मी तिला नुसती
खिडकीकडून आत ओढून धरते.

चनबसू टॉवेलच्या कारखान्यात घड्या मोजतो.
त्याच्या तीनचाकी दोन:
एक गावात लिंबाखाली,
एक सोलापूर स्टँडवर, कुल्फीवाल्याच्या मागं.
मधले सगळे किलोमीटर
तो माझ्या गाडीत हातांवर चालतो.
दिव्यांगांची राखीव सीट त्याला नको असते,
तिची स्प्रिंग टोचते म्हणतो.

आणि एक डबा. फडक्यात बांधलेला,
ड्रायव्हरच्या पाठीमागं, विनातिकीट.
कडक भाकरी, शेंगाचटणी.
गुरुसिद्धप्पाची धाकटी नर्सिंगला आहे, तिच्यासाठी.
वळसंग येईपर्यंत सगळ्या गाडीला भूक लागते.
डब्याचं भारमान किती धरायचं, साहेब?

दस्तगीरची जीप आमच्या आधी पाच मिनिटं सुटते.
नवाच्या जागेत सतरा,
शिवाय टपावर दोन, मागं लोंबकळता एक.
त्याच्या दारात माणूस पाय ठेवतो
तो माझ्याच एकवीस टक्क्यांतला कमी होतो.
फाट्यावर आम्ही एकमेकांकडं बघत नाही.
बघितलं तर बिराजदार थुंकतो.

पण त्या शुक्रवारी
बोरीच्या पुलाअलीकडं क्लच प्लेट गेली.
डेपोला फोन केला: ‘गाडी शिल्लक नाही, बघतो.’
मल्लव्वाचे पाय सुजून चप्पल निघेना.
मी रस्त्यात उभी, हातात तिकिटाचं यंत्र,
त्याला काय विचारणार?

पुलापलीकडून जीप उलटी आली.
दस्तगीरनं पुढच्या सीटवरचे दोघे
काही न बोलता टपावर धाडले,
मल्लव्वाला बसवलं, चनबसूला उचलून मधे ठेवलं,
डबा स्वतःच्या मांडीवर घेतला.
मी म्हटलं, ‘पास चालतो का तुझ्यात?’
‘आज मीच येष्टी,’ तो म्हणाला,
आणि तोंडानंच वाजवलं दोनदा,
टण टण.

हे लिहिलं तर
अवैध वाहतुकीत प्रवासी बसवून दिले म्हणून
मेमो मलाच.
शिवाय फॉर्मवर ओळी चारच,
त्यातली एक सहीची.

रात्री शाळेची फी, गॅसचा नंबर, सगळं करून
शेवटी एवढंच लिहिलं:
‘गाडी चढाला लावल्यास पायरी पुरते.’

साहेब विचारतील, हे काय उत्तर झालं?
झालं नसेल.

आज बुधवार. मल्लव्वा नाही.
पारापाशी दोन बाया, एक कोंबडं, शाळेचं एक पोरगं.
बिराजदारनं तरी गाडी
चढालाच नेऊन लावली,
आणि बाया ओरडत
उकिरड्याच्या कडेनं पळत आल्या.